आपला उजेड कोणावर पडतो?



साधनेच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. मी खरोखर बदलतो आहे, की नुसता धावतो आहे? शिबिरे होतात, सत्संग होतात, सेवेची कामे एकामागून एक येत राहतात. दिवस भरलेले असतात आणि भरलेल्या दिवसांना आपण प्रगती समजू लागतो. गती वेगळी आणि प्रगती वेगळी, हे आपण सगळेच जाणतो. पण तो फरक स्वतःच्या आयुष्यात ओळखायचा कसा, हे मात्र सहसा कळत नाही.

मला हा प्रश्न एका जपानी छायाचित्रकाराच्या फोटोंसमोर नव्याने भेटला. पण त्याची सुरुवात आमच्या घरात, माझ्या आजीपाशी झाली. म्हणून आधी आजीबद्दल सांगते.

धैर्य, धीर आणि एक संध्याकाळ

मी वडोदऱ्यातल्या मराठी घरातली. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकते आणि गेली तीन वर्षे हिंदी लेखांचा मराठी अनुवाद करण्याची सेवा करते. अनुवाद करताना काही शब्द हमखास फसवतात. 'धैर्य' हा त्यांतलाच एक. हिंदीत धैर्य म्हणजे धीर धरणे, सबुरी. मराठीत धैर्य म्हणजे धाडस, न घाबरणे. शब्द दिसतो तोच, पण जसाच्या तसा उचलला तर वाक्याचा अर्थ बदलतो. म्हणून दर वेळी थांबून ठरवावे लागते, इथे 'धीर' लिहू, की 'संयम', की 'सबुरी'?

मागच्या पावसाळ्यात असाच एक लेख माझ्याकडे आला होता. विषय होता धीर. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत द्यायचा होता आणि त्याच आठवड्यात कॉलेजची परीक्षाही होती. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. शेजारी पलंगावर आजी.

आजीला अलीकडे काही लक्षात राहत नाही. जुने सगळे आठवते. लहानपणीची विहीर, लग्नातल्या पंगती. पण पाच मिनिटांपूर्वीचे आठवत नाही. त्या संध्याकाळी तिने विचारले, "आज वार कोणता गं?" मी म्हटले, "गुरुवार, आजी." थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. सहाव्या वेळी मी मान वर न करताच ओरडले, "किती वेळा सांगू? जरा गप्प बस ना!"

धाकटा भाऊ दारात उभा होता. त्याने हळूच विचारले, "ताई, तुझा लेख कशावर आहे?"

मी उत्तर दिले नाही.

त्या रात्री आजी नीट जेवली नाही. अर्धी पोळी ताटात तशीच राहिली. ती पदराचे टोक बोटांभोवती गुंडाळत आणि सोडत बसून राहिली. आईने विचारले, "काय झालं?" आजी म्हणाली, "काही नाही गं, उगीच बरं वाटत नाही."

सकाळी मी तिच्याजवळ बसून म्हटले, "आजी, काल मी तुझ्यावर ओरडले. चुकलं माझं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कधी गं? मला तर काहीच आठवत नाही." मग माझ्या गालावरून हात फिरवत तिने विचारले, "आज वार कोणता?"

जिची क्षमा मागायची, तिला अपराधच आठवत नव्हता. मग तो अपराध संपला का? हिशेबाच्या भाषेत विचारायचे तर, धनको विसरला म्हणून ऋणकोचे देणे फिटते का? वहीत तसे होत नाही, हे मला शिकवलेले आहे. पण माणसांच्या वहीत काय होते?

दोन तासांचा एक फोटो

याच दिवसांत ललित कला शिकणाऱ्या एका मैत्रिणीने मला हिरोशी सुगिमोतो यांचे फोटो दाखवले. लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ११ ऑक्टोबर २०२३ ते ७ जानेवारी २०२४ या काळात त्यांचे मोठे एकल प्रदर्शन भरले होते. नाव होते 'टाइम मशीन'. पुढे २०२४ मध्ये ते बीजिंग आणि सिडनीलाही गेले. मी त्यातले कुठलेच पाहिलेले नाही. मैत्रिणीच्या टेबलावर जे पाहिले, तेवढ्यावरच हा लेख आहे.

सुगिमोतो यांचा जन्म १९४८ मध्ये टोकियोत झाला. १९७० मध्ये ते अमेरिकेला गेले, लॉस एंजेलिसमध्ये शिकले आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कला आले. त्यांच्या फोटोंत वस्तू अगदी थोड्या असतात. समुद्रांची त्यांची मालिका १९८० पासूनची आहे. त्या प्रत्येक फोटोत वर आकाश, खाली पाणी आणि बरोबर मध्ये क्षितिजाची रेघ. होडी नाही, पक्षी नाही, किनाराही नाही. आदिमानवाने जे पाहिले असेल ते आजच्या माणसाला पाहता येईल का, या प्रश्नातून ती मालिका सुरू झाली. डोंगर, जंगल, जमीन हे सगळे माणसाने बदलून टाकले आहे. समुद्र त्या मानाने तसाच राहिला. लाट एक क्षणही थांबत नाही, तरी समुद्र तोच दिसतो.

पण मी थांबले ती चित्रपटगृहांच्या फोटोंपाशी. ही मालिका सत्तरच्या दशकात सुरू झाली. सुगिमोतो यांच्या मनात एक प्रश्न आला होता: संपूर्ण चित्रपट एकाच फोटोत टिपला तर काय दिसेल? ते मोठा कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कमधल्या एका स्वस्त तिकिटाच्या चित्रपटगृहात गेले. चित्रपट सुरू होताच कॅमेऱ्याचे शटर उघडले आणि चित्रपट संपल्यावर, सुमारे दोन तासांनी, बंद केले. त्याच रात्री त्यांनी फिल्म धुतली.

काय दिसले? पडद्याच्या जागी शुभ्र, कोरा, उजळलेला चौकोन. नायक नाही, खलनायक नाही, पाठलाग नाही, रडणे नाही. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणजे दोन तासांत १,७२,८०० चित्रे. ती सगळी एकावर एक साठत गेली आणि नुसता प्रकाश उरला.

प्रदर्शनात याच्या नेमके उलट भासणारे फोटोही होते. न्यूयॉर्कच्या निसर्ग इतिहास संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांचे फोटो सुगिमोतो यांनी १९७६ पासून काढले. त्यांतले ध्रुवीय अस्वल बर्फावर खरेच जिवंत उभे आहे असे वाटते. जे कधीच हलत नाही ते जिवंत दिसते आणि दोन तास हलत राहिले ते नाहीसे होते! साधनेत असलेल्या माणसाने या दोन्हींपासून बोध घ्यावा. बाहेरून जिवंत दिसणे म्हणजे जिवंत असणे नव्हे आणि पुष्कळ हालचाल म्हणजे उमटलेली खूण नव्हे.

पडदा कोरा, पण सभागृह?

आपल्यासारख्याला तो पांढरा चौकोन पाहून लगेच काय सुचेल? मलाही तेच सुचले. विचार येतात, जातात. साक्षी तेवढा राहतो. चित्रपट म्हणजे संसार, पडदा म्हणजे आत्मा. उपमा आपल्या ओळखीची आहे आणि खोटीही नाही. मला बरे वाटले. इतके बरे वाटले की आजीची ती संध्याकाळही मी त्याच पांढऱ्या चौकोनात टाकून मोकळी झाले. गेलेला क्षण गेला. एका चित्राचे काय एवढे?

मग मैत्रीण म्हणाली, "तू फक्त पडदाच बघतेयस. बाजूला बघ."

मी बाजूला पाहिले. पडद्याच्या भोवती अख्खे सभागृह दिसत होते. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, छताचे नक्षीकाम, भिंतींवरचे खांब, पडद्यापुढचा रंगमंच. अमेरिकेतली ती जुनी, राजवाड्यासारखी सजवलेली चित्रपटगृहे आहेत. चित्रपट पाहताना ही सजावट कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण आत अंधार असतो आणि सगळ्यांचे डोळे गोष्टीवर असतात. फोटोत मात्र ती कोरीव कामासकट उजळली आहे. कशाने? आत दुसरा दिवा नव्हता. पडद्यावरून परत फिरलेला उजेड दोन तास हळूहळू तिच्यावर पडत राहिला होता.

म्हणजे गोष्ट पुसली गेली, पण तिचा उजेड वाया गेला नाही. तो आजूबाजूला पडला आणि तिथे उमटला.

मला एकदम आजीचे ते ताट आठवले. अर्धी पोळी. पदराचे टोक.

आजीच्या आठवणीतून माझे वाक्य पुसले गेले होते. तो प्रसंगच तिच्या पडद्यावर उरला नव्हता. पण त्या वाक्याचा काळोख तिच्यावर पडला होताच. का ते तिला ठाऊक नव्हते, तरी तिला बरे वाटत नव्हते. मी ज्या क्षणाला 'एक चित्र' म्हणून सोडून देत होते, तो तिच्या संध्याकाळभर पसरला होता.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. समोरच्याला आठवत नाही म्हणून केलेली गोष्ट संपत नाही. ती आठवणीत उमटली नाही तरी माणसात उमटते. लहान मुलाचेही तसेच असते. दोन वर्षांच्या मुलाला पुढे काहीच आठवणार नसते, पण त्याच्याशी कोण कसे बोलले यातूनच त्याची भीती आणि त्याचा विश्वास घडत असतो.

नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद

माझ्या अभ्यासातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. व्यवसायाचे हिशेब आपण दोन प्रकारे मांडतो. ताळेबंद हा एका दिवसाचा असतो. ३१ मार्चला काय आहे, किती देणे, किती येणे. तो एका क्षणाच्या फोटोसारखा आहे. नफा-तोटा पत्रक मात्र वर्षभराचे असते. १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत जे जे घडले ते त्यात साठते. ते सुगिमोतोंच्या उघड्या शटरसारखे आहे.

आपण स्वतःला तपासतो तेव्हा बहुधा फक्त ताळेबंद मांडतो. तोही आपल्या सोयीच्या दिवशी. शिबिराच्या शेवटच्या दिवशी मन शांत असते, डोळे भरून येतात, सगळ्यांविषयी प्रेम वाटते. त्या दिवशीचा ताळेबंद सुंदरच असणार! पण वर्षाचे पत्रक मागितले तर? घरी परतल्यावरचे मंगळवार, बुधवार, परीक्षेचे आठवडे, गॅस संपलेला, वीज गेलेली, आजीने सहाव्यांदा वार विचारलेला, हे सगळे त्यात धरावे लागेल.

आतला बदल एका चित्रात दिसत नाही, चांगल्याही नाही आणि वाईटही नाही. एका संध्याकाळच्या ओरडण्याने माझी तीन वर्षांची सेवा खोटी ठरत नाही. तसेच एका ध्यानातल्या शांतीने मी शांत माणूस ठरत नाही. शटर पुष्कळ काळ उघडे ठेवावे लागते. घाई करून चालत नाही. याच छायाचित्रकाराला क्योतोच्या सांजूसांगेंदो मंदिरातल्या अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्तींचे फोटो काढायचे होते. परवानगीसाठी त्यांना सात वर्षे वाट पाहावी लागली. १९९५ मध्ये ती मिळाली आणि त्यांनी पहाटेच्या नैसर्गिक उजेडात ते काम केले. हिंदीतले धैर्य म्हणतात ते हे.

एक शंका

इथे एक शंका येते आणि ती टाळून पुढे जाऊ नये. सगळे शेवटी एकाच पांढऱ्या प्रकाशात मिसळत असेल, तर चांगले आणि वाईट यांत फरक काय राहिला? क्रूर दृश्यही तिथेच, करुणेचे दृश्यही तिथेच. 'दीर्घ काळाचे बघा' असे म्हणत मी रोजची चूक सहज झाकू शकते. 'शेवटी सगळे मिथ्या' असे म्हणून दुसऱ्याचे दुःखही झटकू शकते. अध्यात्माचा असा आधार घेणारी माणसे आपण पाहिली आहेत. खरे तर कधी कधी आपणच ती माणसे असतो.

मला वाटते, फोटोची उपमा इथे संपते, आणि ती कुठे संपते हे ओळखणे महत्त्वाचे आहे. चित्रपटगृहातल्या खुर्चीला काही वाटत नाही. आजीला वाटते. ज्याला दुखावले, त्याच्यासाठी ते एक चित्र बेरजेत विरून जात नाही. म्हणून दीर्घ काळाची नजर ही स्वतःच्या प्रगतीकडे पाहताना वापरावी, म्हणजे अहंकारही होत नाही आणि निराशाही होत नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहताना मात्र तोच क्षण धरावा. चूक झाली तर माफी त्याच दिवशी. तिथे 'कालांतराने सगळे समतोल होते' हे उत्तर नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाची लक्षणे विचारतो. त्याचा प्रश्न आपण लक्ष देऊन वाचावा. त्या माणसाची ओळख काय, एवढे विचारून तो थांबत नाही. तो कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो, हेही विचारतो. इतक्या खोल स्थितीबद्दलचा प्रश्न इतका साधा, घरातल्या माणसाने विचारावा तसा. कसा बोलतो! श्रीकृष्ण उत्तर आतूनच सुरू करतात, हे खरे. पण ज्याला त्या माणसाजवळ राहायचे आहे, त्याला दिसणार ते त्याचे बोलणे, बसणे आणि चालणेच. मी तीन वर्षे आतला बदल आतच शोधत होते. माझ्या भावाने दारात उभे राहून अर्जुनाचाच प्रश्न विचारला होता.

आता मी काय करते

पूर्वी रात्री झोपताना मी साधनेची नोंद करत असे. ध्यान किती मिनिटे, वाचन किती पाने, सेवा किती तास. ती वही मी बंद केलेली नाही. पण त्याच्या खाली आता एक ओळ वाढवली आहे: आज माझा उजेड कोणावर पडला आणि काळोख कोणावर? बहुतेक दिवशी दोन्ही रकान्यांत कोणाचे ना कोणाचे नाव असते.

आजी अजूनही वार विचारते. मी दर वेळी शांतच राहते असे सांगितले तर ते खरे होणार नाही. कधी कधी आवाज चढतो. पण आता मी लॅपटॉप बंद करून तिच्याकडे बघून उत्तर देण्याचा प्रयत्न करते. असे केले की दिसते, तिला वार नकोच असतो बहुधा. कोणीतरी जवळ आहे ना, एवढेच तिला जाणून घ्यायचे असते. गेल्या आठवड्यात मी म्हटले, "आज सोमवार. आणि मी इथंच आहे." ती हसली आणि बराच वेळ काही विचारले नाही.

त्या लेखात शेवटी मी 'धैर्य' या शब्दासाठी बहुतेक ठिकाणी 'धीर' लिहिले. एका ठिकाणी मात्र 'धैर्य' तसेच ठेवावे असे फार वाटले होते. तेच उत्तर सातव्यांदा, पहिल्याच आवाजात देण्यासाठी धीर तर लागतोच, पण थोडे मराठी धैर्यही लागते. आपले महत्त्वाचे काम बाजूला ठेवायचे धैर्य. तरी मी 'धीर'च लिहिले, कारण मूळ लेखकाचा अर्थ तोच होता. हे माझे म्हणणे इथे वेगळे लिहिते आहे.

आठवडाभर मननासाठी

१. गेल्या महिन्यात ज्या दिवशी मी स्वतःला सर्वांत शांत समजलो, त्या दिवशी घरातल्यांना मी कसा वाटलो? त्यांना विचारण्याची माझी तयारी आहे का?

२. 'झाले ते झाले' असे म्हणून मी सोडून दिलेली अशी कोणती गोष्ट आहे, जी समोरच्यासाठी अजून झालेली नाही?

३. माझ्या आजूबाजूला असे कोण आहे, ज्याला माझे शब्द लक्षात राहणार नाहीत, पण माझा आवाज लागतो?